खऱ्या आवाजाचा पेनदुआ

आमच्या गावात कोणी मेलं की आधी बायका रडतात आणि मग घरचे माझ्याकडे येतात. मी मेलेल्यांच्या गुंडाळ्या लिहितो. नोकरी म्हणाल तर राजाच्या थडग्यात भिंतींवर चित्रं रेखाटायची. गुंडाळ्या हे सुट्टीतलं काम. पश्चिमेला, मेलेल्यांच्या मुलखात, गेलेल्या माणसाला तिथल्या ओसायरिस देवाच्या दरबारात उभं राहावं लागतं. तराजूच्या एका पारड्यात त्याचं काळीज, दुसऱ्यात सत्याचं पीस, आणि समोर बेचाळीस देव ओळीने बसलेले. त्यांतल्या एकेकाला नावाने हाक मारायची आणि त्याच्या वाटणीचं एकेक पाप नाकारायचं. मी चोरी केली नाही. मी कोणाचं पाणी अडवलं नाही. मी देवाच्या तळ्यातले मासे धरले नाहीत. एवढी नावं जिवंत माणसाच्याही लक्षात राहत नाहीत, म्हणून पपायरसची गुंडाळी बरोबर द्यायची. गावातल्या निम्म्या मेलेल्यांच्या तोंडून मी हे वदवलेलं आहे. त्यांतल्या बहुतेकांना मी जिवंतपणी ओळखत होतो. त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही. आमच्या धंद्यात ते बोलायचं नसतं.

पेनदुआ पाथरवट वारला तेव्हा त्याची गुंडाळी मीच लिहिणार हे ठरलेलं होतं. माझ्या थडग्यात उतरायची विहीर त्याने खणून दिली होती आणि त्याची गुंडाळी मी लिहून द्यायची, असा आमचा जुना करार. त्याला नदीकाठच्या मांडवात मिठात ठेवलेलं होतं. त्याची बायको वाबेत कपाळावरची सुतकाची धूळ तशीच ठेवून माझ्या दारात आली, आणि तिच्या मागे मुलगा मेरवासेत. वाबेतवहिनी म्हणजे हाथोरच्या देवळातल्या गायिका. देवीपुढे काशाचा खुळखुळा वाजवायचा मान त्यांच्या घराण्यात आजीपासून चालत आलेला. त्यांची मान अशी ताठ, की डोक्यावर घडा नसला तरी आहे असं वाटावं. मुलगा उलट. लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप, पण दारातून आत येतानाही चौकटीची परवानगी घेतल्यासारखा यायचा.

"इरी भाऊजी," वहिनी चटईवर बसत म्हणाल्या, "जरा वाचून दाखवा. तिथे गेल्यावर त्यांना काय काय बोलायला लावणार आहात, ते मला आधी कळू दे."

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. लोक गुंडाळी वजन करून बघतात, चित्रांत सोनेरी रंग आहे ना एवढं विचारतात आणि जातात. मी नमुन्याची गुंडाळी उघडून वाचायला लागलो.

"'मी कोणाला रडवलं नाही.'"

"नाही रडवलं. मी रडायची ते कांदे असायचे. पुढे."

"'मी धान्याचं माप खोटं केलं नाही.'"

"त्यांना खरं मापसुद्धा येत नव्हतं. पुढे."

"'मी आडून कोणाचं बोलणं ऐकलं नाही.'"

"ते स्वतः बोलायचे थांबले तर दुसऱ्याचं ऐकतील ना! पुढे."

"'माझा आवाज कधी चढला नाही.'"

वहिनींनी हात वर करून मला थांबवलं. अंगणातली शेळीसुद्धा चघळायची थांबली.

"पुन्हा वाचा," वहिनी म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ते पहिल्यापेक्षाही वाईट वाटलं.

इथे पेनदुआच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. आमचं गाव शिखराच्या पायथ्याशी आहे. शिखरावरची देवी नागीण आहे आणि तिच्या नावाचा अर्थच 'जिला शांतता आवडते ती' असा आहे. म्हणून राजाच्या थडग्यात काम करताना कुजबुजत बोलायचा नियम. तांब्याच्या छिन्न्या दिवसभर दगडावर आदळतात, ते देवीला चालतं. माणसाचा आवाज चालत नाही. देवीचा कान निवडक आहे.

अशा गावात पेनदुआ जन्माला आला. त्याला हळू बोलताच यायचं नाही. तो घरात बसून बायकोकडे कांदा मागायचा आणि गल्लीच्या टोकाची बाई कांदा घेऊन यायची. तो कुजबुजला की दगड उतरवणारी गाढवं थांबायची. वहिनींचं त्यावर एक ठरलेलं वाक्य होतं: "अहो, हळू. देव बहिरे नाहीत." ते आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की गावातल्या रांगत्या पोरांनाही पाठ होतं.

आमची टोळी नावेसारखी दोन बाजूंत वाटलेली असते, उजवी आणि डावी. पेनदुआ आणि मी उजव्या बाजूचे, आमचा नाईक बाकेन. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, राजाचं थडगं तेव्हा खांबांच्या दालनापर्यंत खोदून झालं होतं. वजिराची माणसं पाहणीला यायची होती, म्हणून बाकेन नाईकांनी सकाळीच बजावलं होतं की आज कुजबुजसुद्धा नको, खुणा करा. मी भिंतीवर लाल रेघा आखत होतो. पेनदुआ छताखालचा कोपरा तासत होता. वरून चिमूटभर धूळ त्याच्या दिव्यात पडली, वात तडतडली. त्याने हात उंच करून दगडाला तळवा लावला. आणि ओरडला.

तो काय ओरडला ते मी शब्दशः लिहीत नाही, त्यात बाकेन नाईकांच्या आजीचा उल्लेख होता. सारांश असा की बाहेर पळा. आम्ही पळालो. का पळायचं ते कोणालाच माहीत नव्हतं; त्या आवाजासमोर उभं राहणं शक्य नव्हतं, एवढंच. डावी बाजूही पळाली. तिला कोणी बोलावलंही नव्हतं. सगळ्यांत शेवटी नाईक आले, कारण पेनदुआला गप्प करायला ते आत शिरले होते. आम्ही पायऱ्या चढून उन्हात पोचलो आणि मागे अख्खं छत खाली बसलं. माझी रंगाची वाडगी अजून त्याच्याखाली आहेत.

कोणी मेलं नाही. त्यामुळे काही झालंच नाही असं ठरवता आलं. देवीच्या सणानिमित्त काम बंद होतं, असं वजिराला कळवण्यात आलं. राजाच्या थडग्याचं छत पडत नसतं.

पेनदुआला मात्र सांगण्यात आलं की तू देवीची शांतता मोडलीस, माफीचा दगड बसव. आमच्याकडे ही रीत आहे. शिखराच्या वाटेवर असे दगड रांगेने उभे आहेत, प्रत्येकावर गावातला कोणीतरी देवीपुढे गुडघे टेकून बसलेला. पेनदुआ सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, म्हणजे त्याच्या मते हळू म्हणाला, "देवीलाच विचारा. मी ओरडलो तेव्हा फटीतून पहिला नाग बाहेर पळाला. आधी त्याने दगड बसवावा, मग मी बसवतो."

नागाने बसवला नाही. पेनदुआनेही बसवला नाही.

तर आता वाबेतवहिनी माझ्या चटईवर बसून म्हणत होत्या, "हे वाक्य काढा."

"काढता येत नाही, वहिनी. बेचाळीस देव आहेत. एकाला वगळलं तर तो म्हणणार, मलाच का नाही विचारलं? न विचारलेल्या देवासारखा वाईट देव नाही."

"मग खरं लिहा. लिहा की माझा आवाज चढला आणि उजवी बाजू जेवायला आपापल्या घरी गेली."

"आई!" मेरवासेत म्हणाला. एवढा वेळ तो माझ्या नमुन्याच्या चित्राकडे बघत होता. तराजूखाली अम्मित बसलेली असते, मगरीचं तोंड, सिंहाची छाती, पाणघोड्याचं बूड. काळीज पिसापेक्षा जड निघालं की ती ते गिळते. मग माणूस दुसऱ्यांदा मरतो, आणि त्या मरणाला गुंडाळी नाही. "आई, ती खाऊन टाकेल त्यांना. बेचाळीसच्या बेचाळीस पापं नाकारायला हवीत. सगळे तसंच करतात. तिथे कोणी वाद घालायला जातं का? बोलायचं ते बोलायचं आणि आत जायचं. मला बाबा आत गेलेले हवेत. दुसरं काही नको."

"खोटं बोलून?"

"सगळे बोलतात."

"अरे, खोटं कुजबुजावं लागतं. तुझ्या बापाला कुजबुजता येतं?"

मेरवासेतने माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही सांगा ना. काळजावर भुंगा तर ठेवणारच आहोत आपण."

हिरव्या दगडाचा हा भुंगा मेलेल्याच्या छातीवर ठेवतात. काळजाने मालकाविरुद्ध साक्ष देऊ नये, अशी विनंती त्यावर कोरलेली असते. गावात भुंग्याशिवाय कोणी जात नाही. देवांवर आमचा विश्वास आहे, काळजावर तितकासा नाही.

"म्हणजे तोंडाने नाही म्हणायचं आणि काळजाला दटावायचं," वहिनी म्हणाल्या. "जे बाकेन नाईकांना जन्मभर जमलं नाही, ते तू दगडाच्या किड्याकडून करून घेणार." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज तोच, पण आता त्या मुलाला ऐकवत नव्हत्या. "भाऊजी, शेवटच्या उन्हाळ्यात त्यांचा आवाज गेला. छातीत धूळ बसली होती, सगळ्या पाथरवटांच्या बसते. पाणी हवं असलं की वाडगं वाजवायचे. घरात इतकी शांतता, की शेजारणी दारातून डोकावून जायच्या. त्या शिखरावरचीला म्हणे शांतता आवडते. मी भोगली ती, मला नाही आवडली. आता तुम्ही लोक थडग्याच्या दारात सुताराचा वाकस ओठांना लावून त्यांचं तोंड उघडणार. गेलेला आवाज त्यांना परत मिळणार. बरोबर?"

"बरोबर."

"आणि आवाज परत मिळाल्यावर देवांपुढे काय बोलायचं? तर मला आवाज नव्हताच!"

मी शाईत पाणी घालायला लागलो. अशा वेळी शाईत पाणी घालत बसणं बरं दिसतं.

"कोणता देव आहे हा?" वहिनींनी विचारलं. "आवाजवाला?"

मी गुंडाळीवर बोट फिरवलं. "इही."

वहिनी हसल्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि तेही सुतकात, माझ्या अंगणात, शेजारच्या गच्चीवरून दोन बायका बघत असताना.

"इही? हाथोरचा? आमचा इही?"

इही हा हाथोरचा लेक, नागडं पोर, बोट तोंडात आणि दुसऱ्या हातात खुळखुळा. आईपुढे तो वाजवत राहणं एवढंच त्याचं देवपण.

"आजी होती तेव्हापासून त्या पोराला ओळखते मी," वहिनी म्हणाल्या. "त्याच्याच हातातला खुळखुळा आम्ही वाजवतो. देवळात दुपारी कोणाचा डोळा लागू दिला नाही त्याने. आणि तो माझ्या नवऱ्याला विचारणार, तू आवाज केलास का? हे कामाचं वाटप कोणी केलं?"

"पूर्वीपासून आहे."

"पूर्वी कोणीतरी थट्टा केली असेल, आणि तुम्ही शहाणे लोक तिच्या नकला उतरवत बसलात."

ही शक्यता माझ्या कधी मनात आली नव्हती. आता रोज येते.

पण त्यावरून मला एक वाट सुचली. त्याच यादीत एक ओळ अशी आहे की मी कोणाशी भांडलो नाही, माझ्या स्वतःच्या मालमत्तेखातर सोडून. म्हणजे 'सोडून' हा शब्द देवांच्या कानावरून गेलेला आहे. मालमत्तेसाठी भांडायची सवलत त्यांनी ठेवली. माणसं वाचवायला ओरडायची ठेवायची राहून गेली. यादी करणारे मालमत्तावाले असावेत.

मी म्हणालो, "असं लिहिता येईल. 'माझा आवाज कधी चढला नाही, छत पडत होतं तेव्हा सोडून.'"

वहिनींनी ते ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. "'पडत होतं' नको. 'पडलं.' नाहीतर म्हणतील, पडत होतं, पण पडलं कुठे?"

"नाही," मेरवासेत म्हणाला. हळूच म्हणाला, पण उठून उभा राहिला. "काका, मी लिहू देणार नाही. बाबांना मी पुरणार आहे."

आमच्याकडे जो पुरतो तो वारस, आणि शेवटचा शब्द वारसाचा. वहिनींनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, पदराची धूळ झटकली आणि मान ताठ ठेवून निघून गेल्या. मेरवासेत दारात थांबला.

"तिला वाटतं मला लाज वाटते त्यांची," तो म्हणाला. "मला भीती वाटते, काका. एकदा तर गेले. पुन्हा गेले तर शोधायचं कुठे?"

मी बाकीची गुंडाळी लिहून काढली आणि इहीपुढची जागा कोरी ठेवली. अशी कोरी जागा घेऊन माणूस आत गेला तर इही वाटेल ते समजू शकतो. पण थडग्याचं दार बंद होईपर्यंत अवधी होता.

दुसऱ्याच दिवशी बाकेन नाईक आले. अंगणात बसले, जवाची बिअर प्यायले, शेळीची चौकशी केली.

"इरीनेफर," ते म्हणाले, "ते छत पडलं नव्हतं."

"नाही, नाईक."

"मग मेलेला माणूस ते पडलं असं कसं सांगेल?"

"मेलेल्या माणसाला वजिराची भीती नसते."

"त्याच्या पोराला असते ना! बापाची जागा रिकामी आहे. कोणाला घ्यायचं ते मला विचारतात. मी काही वाईट बोलत नाही, चांगला मुलगा आहे, आवाज नाही त्याला. पण उद्या गावात गवगवा झाला, की अमक्याच्या गुंडाळीत छत पडलं..." त्यांनी वाक्य तिथेच ठेवलं. बोलताना ते डावा खांदा चोळत होते. न पडलेल्या छताचा एक तुकडा त्यांना तिथे लागला होता, तेव्हापासून तो हात वर जात नाही.

"तुम्ही मेरूशी बोललात?" मी विचारलं.

"बोललो. तो हो म्हणाला. तो सगळ्याला हो म्हणतो, तेच तर बरं आहे त्याचं."

पुरण्याच्या दिवशी सगळं रीतीप्रमाणे झालं. बैलांनी घसरगाडी ओढली, रडणाऱ्या बायकांनी डोक्यावर धूळ घेतली, भाकरी-कांदे-भाजलेली बदकं टोपल्यांतून पुढे गेली. पेनदुआचं थडगं गावाच्या वरच्या अंगाला, वर विटांचा छोटा टोकदार कळस, दारापुढे अंगण. शवपेटी उन्हात उभी केली. तिच्यावरचा चेहरा मीच रंगवला होता. तोंड जरा मोठं झालं होतं, पण कोणी तक्रार केली नाही.

मंत्र म्हणायला उसेर. एरवी तो डाव्या बाजूला गिलावा करतो. आमच्या गावात पुरोहित वेगळे नसतात, ज्याला सुट्टी असेल तो पुरोहित. मेरवासेतच्या खांद्यावर बिबळ्याचं कातडं. गावात असं कातडं एकच आहे, आणि पुरणाऱ्यापेक्षा पुरलेल्यांनाच ते जास्त परिचयाचं झालं असेल. देवीच्या डोंगरात आहोत म्हणून सगळं कुजबुजत चाललेलं. मी बाजूला बसलो होतो, मांडीवर गुंडाळी उघडलेली, शाई भिजवलेली, कोरी जागा तशीच.

मेरवासेतने वाकस उचलला आणि शवपेटीच्या ओठांना लावला. उसेर पुटपुटला, "तुझं तोंड उघडलं आहे. तुझा आवाज तुला परत दिला आहे. ओसायरिसजवळचा पेनदुआ, खऱ्या आवाजाचा."

दरबारातून जो पार पडतो त्याला ही पदवी मिळते: खऱ्या आवाजाचा. आमच्याकडे प्रत्येक मेलेल्याच्या नावापुढे ती लागते. मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिली आहे की तिच्यात 'आवाज' असा शब्द आहे हे माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं.

"ऐकू नाही आलं," मागून उजव्या बाजूचा कोणीतरी म्हणाला. "उसेर, याच्या कार्यात तरी जरा मोठ्याने."

दबलेलं हसू फिरलं. बाकेन नाईकांनी तिकडे वळून बघितलं, तसं ते थांबलं. उसेरने पुन्हा म्हटलं, तितकंच हळू. "खऱ्या आवाजाचा."

मेरवासेत वाकस खाली घेईना. तो त्या रंगवलेल्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने आईकडे बघितलं. वाबेतवहिनी दाराच्या दुसऱ्या बाजूला खुळखुळा हातात घेऊन उभ्या होत्या आणि त्याच्याकडे बघत नव्हत्या.

"काका," तो म्हणाला, "आवाज नव्हताच असं सांगितलं, तर मग खरा काय निघणार?"

"मलाही कळत नाही, मेरू."

"आणि ज्याला आवाज नाही त्याला ही पदवी द्यायची कशी? पिसाच्या पुढे ठेवायचं काय?" त्याचा श्वास जोरात चालला होता. "लिहा."

"काय?"

"लिहा!"

तो आवाज त्याचा नव्हता. म्हणजे त्याचाच होता, पण तो त्याच्याकडे आहे हे आम्हालाच काय, त्यालाही माहीत नसावं. कड्यातली कबुतरं उडाली. बैलांनी घसरगाडी हिसडली. आणि उजवी बाजू, अख्खी उजवी बाजू, एकही शब्द न बोलता झपकन दोन पावलं मागे सरली. पायांनी तो आवाज ओळखला होता. डोक्याला कळायच्या आत पाय बाहेरच्या दिशेला निघाले होते.

बाकेन नाईकही सरले होते. सगळ्यांत मागे तेच पोचले होते, कारण या वेळी अंगणातून बाहेर पडायच्या दाराच्या सर्वांत जवळ ते होते.

सगळ्यांनी आपापल्या पायांकडे बघितलं. मग एकमेकांकडे.

"'माझा आवाज कधी चढला नाही,'" मेरवासेत म्हणाला, "'छत पडलं तेव्हा सोडून!'"

शिखराने ते परत म्हटलं. पडलं, सोडून. पडलं. इतक्या वर्षांत ते वाक्य कोणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं, आणि आता डोंगरच ते म्हणत होता, तेही देवीच्या घराच्या दिशेने. मी लिहिलं. मी एरवी जरा लहान अक्षर काढतो, पण तिथे जागा बरीच मोकळी ठेवलेली होती.

नाईक आता काहीतरी बोलतील म्हणून आम्ही थांबलो. ते खांदा चोळत राहिले. अखेर म्हणाले, "शाई वाळू दे. ओली गुंडाळलीस तर फिसकटेल."

मी फुंकर घातली. गुंडाळी आत गेली, पेनदुआ आत गेला. हिरवा भुंगा मेरवासेतने मुठीतून काढून माझ्या हातात दिला. तो अजून माझ्याकडे आहे, पपायरस उडू नये म्हणून ठेवतो. वहिनींनी खुळखुळा उचलला. सुतकातल्या बाईने हळू वाजवायचा असतो. त्यांनी हाथोरच्या मिरवणुकीत वाजवतात तसा वाजवला, आणि मुलाजवळून जाताना म्हणाल्या, "हळू रे, मेरू. देव बहिरे नाहीत."

त्यांची मान पाहिली असती तर कोणीही म्हटलं असतं की डोक्यावर घडा आहे, आणि काठोकाठ भरलेला आहे.

मेरवासेतला बापाची जागा मिळाली नाही. त्याला डाव्या बाजूला घेतलं. नाईकांनी म्हणे असं सुचवलं की दोन्ही बाजूंना एकेक बरा. तो तिकडे खोदत असतो आणि आम्ही इकडे असतो. तो छताला तळवा लावून गप्प राहिला की आम्ही इकडे निवांत काम करतो.

माझा मात्र त्रास वाढला. गावातल्या प्रत्येक भांडखोराला आता इहीच्या ओळीत 'सोडून' हवं असतं. सासूवर ओरडलो तेव्हा सोडून. मेहुण्याने गाढव परत दिलं नाही तेव्हा सोडून. मी विचारतो, तुमच्या ओरडण्याने किती जण जिवंत बाहेर आले? बहुतेक जण घरी जाऊन आठवून येतो म्हणतात.

मागच्या पुराच्या दिवसांत बाकेन नाईक स्वतःच्या गुंडाळीसाठी आले. केस पांढरे झालेले, खांदा तसाच. मी एकेक ओळ वाचत गेलो, ते मान हलवत गेले. इहीपाशी मी थांबलो.

"'माझा आवाज कधी चढला नाही,'" ते म्हणाले. "तसंच राहू दे. खरं आहे ते, नाही चढला कधी. पण माझं नाव जिथे येईल, तिथे पुढे जोड."

"काय जोडू? उजव्या बाजूचे नाईक?"

"ते आहेच. त्याच्या आधी. 'पेनदुआच्या आवाजाने बाहेर आलेला.'"

मी बोरू शाईत बुडवला. "नाईक, पण छत तर पडलं नव्हतं."

"तू लिही रे."

मी लिहिलं. त्यांना सांगितलं नाही, पण शब्द माझ्या हातात बसलेले होते. उजव्या बाजूच्या प्रत्येकाने हेच लिहून घेतलं आहे, आणि माझ्या स्वतःच्या गुंडाळीत तर ते पहिल्या ओळीत आहे. एकेक जण जाईल, बेचाळीस देवांपुढे उभा राहील आणि स्वतःच्या नावाआधी त्याचं नाव घेईल. एकेचाळीस देवांना कंटाळा येईल कदाचित. इहीला येणार नाही. पेनदुआ तिथे आधीच पोचलेला आहे, त्यामुळे त्या दरबारात हल्ली कोणी कुजबुजत असेल असं मला वाटत नाही.